शंभरीच्या आजीला मांडवात नेऊ नका, तुम्हीच आमच्या सोप्यात या

सरपंच ताई, भाऊसाहेब, पंचायतीचे सगळे मेंबर, नवरात्र मंडळाची पोरं आणि ज्येष्ठ नागरिक संघातली काका मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

मिटींगमध्ये ठरलं असं कळलं की यंदाही १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, गावातल्या शंभरी पार केलेल्यांचा सत्कार ठेवायचाय आणि गेल्या वर्षीपेक्षा मोठा करायचाय. ऐकून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला, दोन्ही एकदम. एकेकाला फोनवर सांगितलं तर ते तिथंच राहतं आणि हा विषय फक्त आमच्या घरचा नाहीये, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी एक स्पष्ट सांगते, कार्यक्रम बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. आपल्या खटाव तालुक्यात गावंच्या गावं अशी आहेत की निम्म्या घरांना कुलूप, पोरं पुण्या-मुंबईला, सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले तर देशभर पसरलेत, आणि गावात उरलीत ती म्हातारी माणसं आणि त्यांची जनावरं. अशा गावात वीस-बावीस वर्षांच्या पोरांना वाटतं की आपल्या शंभर वर्षांच्या आज्यांना मान द्यावा, ही साधी गोष्ट नाही. पोरांनी स्वतः वर्गणी काढली होती, शाली स्वतः वडूजला जाऊन आणल्या होत्या, सगळं माहितीये मला. म्हणूनच सांगावंसं वाटतं, जिथं मनच नाही तिथं सांगून काय उपयोग.

गेल्या वर्षीचा दिवस मी तुम्हाला आमच्या घरातून दाखवते, कारण स्टेजवरून तो दिसला नसणार.

कार्यक्रम दहाचा होता. सत्कार होता त्या चौघांत आमची आजीही होती, तिला पहाटे साडेचारलाच जाग आली, तिने आईकडून न्हाऊन घेतलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं काढायला लावलं, आणि सात वाजता आईने चहाचा कप पुढं केला तर नको म्हणाली. पाणी, तेही नको. मला वाटलं जायच्या आनंदात आहे, नंतर घेईल. साडेनऊला बोलेरो आली, दोघा पोरांनी खुर्चीसकट उचलून तिला मांडवात नेलं, स्टेजवर बसवलं. पाहुणे आले पावणेएकला. आता ऑक्टोबरचं ऊन कसं असतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको, वर पत्र्यासारखा तापलेला मांडव, बाजूला नवरात्राचा साऊंड, आणि चार शंभर वर्षांची माणसं तीन तासांहून जास्त वेळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली. मी तीन वेळा पाण्याची बाटली घेऊन वर गेले. तिसऱ्या वेळी तिने माझा हात धरून जवळ ओढला आणि कानात म्हणाली, "पानी नगं बाय, मग कुठं जाऊ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पहाटेपासून पाणी का नको म्हणतेय. मांडवाजवळ बाथरूम नाही हे तिला माहीत होतं. शंभर वर्षांच्या बाईने आपल्या सत्काराला जायचं म्हणून आठ तास पाण्याचा थेंब घेतला नाही, चारचौघांत लाज जाऊ नये म्हणून. त्या रात्री तिला उन्हाळे लागले, लघवीला आग, दुसऱ्या दिवशी दसरा आणि आम्ही तालुक्याला सलाईन लावून बसलो होतो, दोन दिवस. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही कारण पोरांचा हिरमोड झाला असता. आज बोलतेय कारण यंदा ते पुन्हा घडू नये.

पण त्याच दिवशी दुसरीही एक गोष्ट झाली, आणि मला वाटतं ती फारशी कुणी पाहिली नाही. पाहुण्यांची भाषणं चालू असताना वरच्या आळीची म्हातारी, लिस्टमध्ये नव्हती ती, पतवंडाचा हात धरून काठी टेकत आली आणि खाली सतरंजीच्या कडेला बसली. आजीला मोतीबिंदूमुळे माणूस नीट दिसत नाही, पण त्या म्हातारीने पतवंडाला काहीतरी विचारलं, आणि साऊंड नेमका बंद होता त्या मिनिटात, आजीने तो आवाज ओळखला. कार्यक्रम संपल्यावर खुर्ची खाली आणली तेव्हा तिने पोरांना तिथं थांबायला लावलं. दोघी एकमेकींच्या समोर. आजीने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मनगटावरचं गोंदण बोटाने चाचपलं, तुळशीवृंदावन आहे ते, आजीच्या हातावरही अगदी तसंच आहे, एकाच जत्रेत एकाच बाईकडून दोघींनी गोंदवून घेतलेलं. मग म्हणाली, "आगं, तू हायस व्हय अजून?" आणि ती म्हणाली, "तू हायस तवर मी कुठं जाती."

एकाच गावात, मधे फार तर चारशे पावलं, आणि दोघी अकरा वर्षांनी भेटत होत्या. एकीला चालता येत नाही, दुसरीला एकटीला कुणी सोडत नाही. दहा मिनिटं बसल्या असतील. मग मांडव आवरायचा होता, बोलेरोला दुसरीकडे जायचं होतं, आम्ही निघालो. घरी आल्यावर आजीने शाल बघितली नाही, सन्मानचिन्ह बघितलं नाही, रात्री ताप चढलेला असतानाही ती त्या गोंदणाचंच बोलत होती. तुमच्या कार्यक्रमामुळेच त्या भेटल्या, हे मी कधी विसरणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दिवसातला तो दहा मिनिटांचा भाग खरा कार्यक्रम होता, यंदा तोच मोठा करा.

आता वरच्या आळीच्या त्या आजींचं नाव यादीत का नव्हतं ते बोलूया, कारण हे मला फार लागलंय. आधारवर त्यांचं जन्मसाल १९३१ आहे म्हणून. आमच्या आजीच्या आधारवर १ जानेवारी १९२५ आहे म्हणून ती यादीत. आता ही १ जानेवारी कुठून आली ते सगळ्यांना ठाऊक आहे, नुसतं साल सांगितलं की मशीन तीच तारीख टाकतं, जसं आपल्या आधीच्या पिढीत अख्ख्या वर्गाचा वाढदिवस १ जून असायचा, गुरुजींनी लावलेला. जन्म-मृत्यू नोंदणी देशभर सक्तीची करणारा कायदाच मुळात १९६९ चा, त्याच्या आधी खेड्यात जन्मलेल्या, कधी शाळेत न गेलेल्या बाईचा कागद कुठून असणार? कॅम्पमध्ये समोरच्या ऑपरेटरला तिचा चेहरा बघून जे वाटलं ते साल.

पण या बायकांचं वय कागदावर नसलं तरी आठवणीत पक्कं असतं, फक्त विचारायची पद्धत पाहिजे. आमची आजी लग्न होऊन या गावात आली ते वडूजच्या मोर्चाच्या साली, म्हणजे १९४२. त्या सप्टेंबरात कचेरीवर मोर्चा गेला आणि परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गोळीबारात हुतात्मा झाली, तेव्हा तिच्या हातावरची हळद ताजी होती असं ती सांगते, आणि मग पुढची तीन-चार वर्षं पत्री सरकारची, रात्री कोण दार वाजवेल ते सांगता यायचं नाही. आणि ती आली तेव्हा वरच्या आळीच्या आजींच्या कडेवर पोरगं होतं. चालणारं पोरगं. आता तुम्हीच हिशोब करा, १९३१ चा जन्म असेल तर १९४२ ला त्या अकरा वर्षांच्या, मग कडेवरचं पोरगं कुणाचं? म्हणजे त्या आमच्या आजीपेक्षा मोठ्या आहेत, शंभरी कधीच ओलांडलीय त्यांनी, आणि आपण त्यांना सतरंजीवर बसवलं.

हे फक्त आपल्या गावाचं नाही हेही सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात शंभर आणि त्याहून जास्त वयाचे लोक सहा लाखांच्या वर दाखवलेत, आणि २०२४ च्या लोकसभेच्या वेळी निवडणूक आयोगाने शंभरीपार मतदार सांगितले २ लाख १८ हजार. दोन्ही सरकारीच आकडे, पण मधे केवढं अंतर. कुणाचं वय दहा वर्षं जास्त लागलंय, कुणाचं दहा कमी. मग निदान ज्या गावात अख्खं आयुष्य गेलं त्या गावाने तरी माणसाला कागदावरून नको, माणसांना विचारून ओळखावं. आपल्या आशा ताईंना प्रत्येक घरातलं म्हातारं माणूस माहितीये, अंगणवाडीच्या ताईंना माहितीये. लग्न कधी, पहिलं मूल कधी, गांधींना मारलं तेव्हा घरात कोण कोण होतं, १९६७ च्या डिसेंबरात पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कितवं लेकरू पोटात होतं, ७२ च्या दुष्काळात मोठा मुलगा केवढा होता. एवढं विचारलं की वय निघतं. आणि हे विचारायला बसाल ना, तर अर्धा सत्कार तिथंच होऊन जाईल.

कारण खरं सांगू का, स्टेजवर चौघांबद्दल एकच वाक्य बोललं गेलं, "यांनी वयाची शंभरी पूर्ण केली." बस. पाहुण्यांचा परिचय सात मिनिटं, आज्यांचा एक वाक्य. अण्णासाहेब कर्व्यांना १९५८ साली, शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं, ते हयात असताना त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं, पण ते नुसते शंभर वर्षं जगले म्हणून नाही, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं म्हणून. आता आमच्या आजीने कॉलेज नाही काढलं, पण काहीच केलं नाही का? ७२ ला सरकारने दुष्काळी कामं काढली तेव्हा तिने दोन वर्षं खडी फोडली, बसायला गोणपाट, हातात हातोडा, बोटांना चिंध्या बांधलेल्या, संध्याकाळी पदरात सुकडी घेऊन यायची आणि ती आमच्या बापाला आणि आत्यांना भरवायची. फाट्यापासून गावात येतो ना तो रस्ता, त्याच्या खालची खडी तिने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी फोडलीय. पाहुण्यांची गाडी त्याच रस्त्याने आली. हे एक वाक्य माईकवर बोललं असतं तर मांडवातल्या प्रत्येक पोराने आजीकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं.

आजोबा मुंबईला गिरणीत, बारा-पंधरा जणांत एक खोली, वर्षातून दोनदा गावाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग ते कायमचेच परत आले, रिकाम्या हाताने. तोवर चाळीस वर्षं शेत, जनावरं, चार पोरं, सासू-सासरे सगळं एकटीने ओढलेलं. गावातल्या प्रत्येक शंभरीच्या आजीची थोड्याफार फरकाने हीच गोष्ट असेल, आणि सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत कुठंही जा, हेच. गिरणगाव मुंबईत होतं असं म्हणतात पण ते चालायचं या बायकांच्या जिवावर.

आणि खालच्या वाडीचे आजोबा, गेल्या वर्षी सत्कारात होते ते, संक्रांतीच्या आधी गेले. मराठा लाईट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले, म्हणजे ज्या लढाईत १९४४ साली यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच इटलीत. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, त्याआधी साताऱ्याच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी लहान असताना ते आम्हा पोरांना इटालियन शब्द शिकवायचे, पाण्याला आक्वा, पावाला पाने, आणि आम्ही विहिरीवर आक्वा आक्वा ओरडत पळायचो. एवढंच माझ्याकडे आहे त्यांचं, दोन शब्द. बाकीचं कुणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं. पोरांनो, तुमच्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंग होणारा फोन आहे. ट्रॉफीसारखा पैसा काहीच लागत नाही, फक्त एक दुपार लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या त्या. आपल्या गावातल्या तीन आज्यांकडून आपण दहा-दहा जरी घेतल्या तरी चालेल. आमच्या आजीला सकाळी लवकर आठवतात, दुपारी नाही, हेही लिहून ठेवा.

आता मुद्द्याचं. घरी या.

हे होऊ शकतं, आणि कसं होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. २०२४ च्या निवडणुकीला आधीच १२ ड चा फॉर्म भरून घेतला होता, ८५ च्या वरच्यांना घरून मतदान होतं ना, तर ठरलेल्या दिवशी टीम आमच्या घरी आली, अधिकारी, पोलीस, व्हिडिओवाला. आजीने त्यांच्यासाठीही हिरवं लुगडंच नेसलं होतं. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, तिला सावकाश समजावलं, मत कुणी बघू नये म्हणून आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, आणि ती तिच्या खाटेवर बसून मत देऊन मोकळी झाली. अर्धा तास. मधे तिने पाणी प्यायलं, कारण मोरी दहा पावलांवर होती. जाताना त्यातल्या एका बाईंनी तिला वाकून नमस्कार केला. आजी अजून त्यांची आठवण काढते, "ती मताची पोरगी" म्हणून. एका मतासाठी एवढी माणसं, एवढा कागद घेऊन सरकार आमच्या सोप्यात आलं, मग शाल घेऊन गाव का नाही येणार?

आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण हे करतोच की. क्रिकेटवाले वसंत रायजी २०२० च्या जानेवारीत शंभरीचे झाले तेव्हा सचिन तेंडुलकर आणि स्टीव्ह वॉ त्यांच्या घरी गेले होते केक घेऊन. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार, त्यांना शंभराव्या वर्षी महाराष्ट्र भूषण दिला तो नोएडाला त्यांच्या घरी जाऊन. कुणी म्हणालं नाही की पुरस्काराची शान गेली. उलट घरात दिलेल्या मानाचं वजन वेगळंच असतं.

घरी जाण्याचं अजून एक कारण आहे, आणि ते मला जपानची एक गोष्ट वाचून जास्त पटलं. तिकडे सप्टेंबरातल्या तिसऱ्या सोमवारी ज्येष्ठांचा दिवस असतो, सरकारी सुट्टी, आणि त्या वर्षी शंभरीत जाणाऱ्या प्रत्येकाला सरकारकडून चांदीची वाटी मिळते. १९६३ ला सुरू केलं तेव्हा अख्ख्या देशात शंभरीचे १५३ लोक होते. २०२५ ला ९९ हजारांच्या वर गेले, त्यात शंभरातल्या ८८ बायका. मधे चांदी परवडेना म्हणून २०१६ पासून नुसता चांदीचा मुलामा देतात, त्याचं काही नाही, वाटी तर देतात. पण २०१० साली असं झालं की टोकियोतला सगळ्यात म्हातारा पुरुष म्हणून ज्यांची नोंद होती, १११ वर्षांचे, त्यांची भेट घ्यायला अधिकारी गेले तर घरचे टाळायला लागले, आणि शेवटी आत त्यांचा वाळलेला मृतदेह सापडला, तीस वर्षांपूर्वीच गेलेले. मग देशभर नोंदी तपासल्या तर शंभरीच्या वरची दोन लाखांहून जास्त माणसं फक्त कागदावर होती. जपानसारख्या काटेकोर देशात हे झालं, का, तर कुणी दारात जाऊन माणूस बघितलंच नव्हतं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस दारात बसलेलं असतं आणि कागदावर नसतं. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात. गेल्या वर्षी सत्कार झाला त्याच महिन्यापासून ते बंद झाले. का, तर अंगठा जुळत नाही. शंभर वर्षं राबलेल्या बोटांवर रेषा कुठून राहणार हो, खडीने आणि भाकरीच्या तव्याने सगळ्या नेल्या. वडील दोनदा बँकेत, एकदा तहसीलला, मग सेतूत, आणि शेवटी आजीलाच रिक्षात घालून न्या म्हणाले. पाच महिने लागले. १५०० रुपये आम्हाला जड नाहीत, मी नोकरी करते, पण ते पैसे तिचे आहेत, ती त्यातून नातवंडांच्या पोरांना खाऊला देते, नाही आले की तिला वाटतं आपण आता कुणाला काही देऊ शकत नाही. केंद्राच्या पेन्शनवाल्यांना आता मोबाईलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला मिळतो, ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्या पेन्शनीत तर शंभरीनंतर मूळ पेन्शन दुप्पट होते. ज्यांना पेन्शन नाही त्या आज्यांसाठी निदान एवढं करा भाऊसाहेब, सत्काराला घरी याल तेव्हा सोबत ऑपरेटरला आणा, आधार, बँकेचं केवायसी, हयातीचा दाखला, आयुष्मानचं वय वंदना कार्ड, जे जे अडलंय ते त्यांच्या खाटेपाशी बसून पूर्ण करून टाका. माझ्या मते हे हारापेक्षा जास्त मानाचं आहे, आणि आजीला विचाराल तर तीही हेच म्हणेल.

शेवटची गोष्ट माझ्या आईबद्दल, आणि ही लिहिताना मला जड जातंय. आई ७४ वर्षांची आहे. स्वतः ज्येष्ठ नागरिक. १०१ वर्षांच्या सासूला ती दिवसातून चार वेळा उठवते, बसवते, न्हाऊ घालते, वरण-भात कालवून भरवते, रात्री दोनदा उठून कूस बदलून देते. वडिलांना कमरेमुळे उचलता येत नाही. गेल्या वर्षी मांडवात ती स्टेजच्या पायरीशी तीन तास उभी होती, हातात पिशवी, पिशवीत आजीचं जादाचं लुगडं, टॉवेल आणि गोळ्या. तिला कुणी खुर्ची दिली नाही, म्हणजे मुद्दाम नाही, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आईला डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय, मोतीबिंदूचं. दोनदा तारीख घेतली, दोनदा पुढं ढकलली, कारण चार दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही म्हणतात, मग आजीकडे कोण बघणार? मी पुण्याहून रजा टाकून येतेच, पण मला आजीला नीट उचलायला जमत नाही आणि आजी माझ्याजवळ लाजते.

गावात माणूस शंभरीपर्यंत पोचतं ते हवा-पाण्यावर पोचतं, भाकरी-ठेच्यावर पोचतं, असं सगळे म्हणतात. असेलही. पण नव्वदीनंतरची वर्षं ते कुणाच्या तरी हातावर काढतं, आणि ते हात बहुतेक घरांत सुनेचे असतात, लेकीचे असतात. गावात शंभरीची तीन घरं आहेत, वरच्या आळीच्या आजी धरून चार. या चार घरांत चार बायका आहेत ज्यांनी कित्येक वर्षांत माहेरी मुक्काम केलेला नाही. महिला बचत गटाच्या ताईंनी पाळी लावून आठवड्यातून एकदा दोन-तीन तास जरी या घरांत येऊन बसायचं ठरवलं ना, बाकी काही नाही, नुसतं आजीजवळ बसायचं, तर त्या बायकांना बाजाराला जाता येईल, दवाखान्यात जाता येईल, नुसतं झोपता येईल. यंदा अधिक महिन्यामुळे नवरात्र पुढं गेलंय, १ ऑक्टोबरला मांडव उभा नसणारच, तो खास घालायला जो खर्च येणार आहे तो या कामाला लावा. एक पकडायचा दांडा मोरीत, एक कमोडची खुर्ची, खाटेला रबराची गादी, चार घरांत सगळं मिळून एका मांडवाच्या भाड्यात होईल. फ्लेक्स नाही लावला तरी चालेल. लावायचाच असेल तर त्यावर त्या चौघींचेच फोटो मोठे लावा.

आजीला मी परवा विचारलं, गाव तुझा परत सत्कार करणार आहे, तुला काय पाहिजे? आधी म्हणाली, "मला कुठं जायाचं न्हाय." मग बऱ्याच वेळाने, मी विसरलेही होते, तर म्हणाली औंधाच्या यमाईला एकदा न्या, लांबून कळस दाखवला तरी बास. ते मी करीन, दिवाळीत गाडी काढणार आहे, पायऱ्या चढवणार नाही. आणि दुसरं म्हणाली ते तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला कळवते.

१ ऑक्टोबरला सकाळी नऊ ते साडेदहा आम्ही घरी आहोत, त्या वेळी आजी ताजीतवानी असते, साडेदहानंतर तिला झोप येते. पाच-सहा जणच या, आणि आधी आईला फोन करा. साऊंड नको. शाल नाही आणली तरी चालेल, चार आहेत पेटीत. येताना वरच्या आळीच्या आजींना गाडीत घालून घेऊन या, त्यांच्या घरी मी बोलले आहे, पतवंड सोबत येणार आहे. आमच्या दारापर्यंत गाडी येते, एकच पायरी आहे, तिथं वडील फळी टाकून ठेवतील. आणि त्यांना लगेच परत न्यायची घाई करू नका, जेवण आमच्याकडेच आहे, दोघींना मऊ भात आणि दुधाचं लागतं, आई करणार आहे, नाहीतर त्या दिवशी तिच्याऐवजी दुसरं कुणी तरी करील असं बघा.

आपली,
खालच्या आळीच्या आजीची नात